द्वारकाआक्काची स्वखुशी

देवाचं नाव घ्यायच्या आधी आज एक आरोप करायचा आहे. देव थांबेल. आपल्या दारात थांबायची त्याला सवय आहे!

दस्त नोंदणीच्या कचेरीत, पंख्याखालच्या खुर्चीत बसणाऱ्या साहेबा — तू खोट्यावर शिक्का मारलास! एकदा नाही, रोज मारतोस. जेवणाच्या सुट्टीआधी आठ-दहा वेळा मारतोस. कागदावर ओळ असते — 'सदर हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता सोडत आहे.' ओळ लिहिली कागद लिहिणाऱ्यानं, मान्य. पण ती खरी की खोटी हे बघायला सरकार पगार कोणाला देतं? तुला! आणि तू काय बघितलंस? भिंतीवरचं घड्याळ!

पखवाजवाले, असे बघू नका माझ्याकडं. हात जरा सैल सोडा. आज टाळ कमी, तोंड जास्त.

मंडळी, ऐका. प्रश्न साधा आहे. एखाद्यानं हात पुढं केला आणि आपण त्यातलं उचललं — तर ते त्यानं दिलं, की आपण घेतलं? काय पाटील? "घेतलं" म्हणता? मान डोलावली पाटलांनी! पाटील, ती मान जपून ठेवा. गोष्ट संपल्यावर पुन्हा लागणार आहे!

तर — रांजणखेड नावाचं गाव. मोठ्या रस्त्याला लागून. तिथले केरबा जगदाळे. बायको लवकर गेली. मागं दोन लेकरं — मुलगी द्वारका दहा वर्षांची, मुलगा जयसिंग चार वर्षांचा. आता चार वर्षांचं पोर कोण सांभाळणार? बाप तर रानात! मग द्वारका त्याला काखेत मारून शाळेत न्यायची. मास्तर विचारायचे, "हे गाठोडं कशाला आणलंस?" ती म्हणायची, "गुरुजी, घरी ठेवलं तर रडतंय." भावाला मांडीवर झोपवून ती सातवी पास झाली. ध्यानात ठेवा — सातवी पास! वाचता येतं! पुढं ह्याच्यावर सगळी गोष्ट उभी आहे.

द्वारकाचं लग्न झालं, दोन कोस पलीकडं, सोनवडीत. नवरा लवकर वारला. लेक दिली तिकडं लांब नगरकडं. बाई अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. दुसऱ्यांच्या लेकरांना खिचडी घालत तीस वर्षं काढली. सगळा गाव तिला द्वारकाआक्का म्हणतो. आणि जयसिंग? तो झाला जयसिंगराव! सोसायटीचा चेअरमन, पांढरी विजार, पांढरा सदरा, पांढरी गाडी. पांढरं एवढं की डोळे दिपावेत!

केरबा वारले. दहावा झाला, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी जयसिंगराव बहिणीच्या दारात. "आक्का, चल, एक सही करायची. सातबारा साफ करून घेऊ."

साफ! बघा शब्द. बहिणीचं नाव म्हणजे सातबारावरची घाण!

आक्कानं विचारलं, "कसली सही, जया?"

"अगं हक्कसोड. सगळ्याच बहिणी करतात. तुला काय करायचीय जमीन? आणि माहेर काय कुठं पळून चाललंय? मी हाय न्हवं!"

गेली आक्का कचेरीत. खुर्चीतला साहेब — तोच तो, ज्याला मघाशी हाक मारली — कागदात मान घालून बसलेला. मान वर न करता विचारतो, "स्वखुशीनं सोडताय ना?"

आणि उत्तर कोणी दिलं? जयसिंगरावानं! "हो साहेब, स्वखुशीनं, एकदम स्वखुशीनं!"

साहेबानं बघितलं का, आवाज बाईचा आहे की बाप्याचा? नाही. फोटो निघाला, अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटला, शिक्का पडला — धप्प! आक्काचं तोंड उघडलं होतं बरं का. काहीतरी म्हणणार होती. साहेब म्हणाला, "पुढचे या."

बाहेर आल्यावर भावानं काय दिलं? साडी! डाळिंबी रंगाची, जरीकाठाची, दुकानाच्या पिशवीसकट. चांगली साडी होती, खोटं कशाला बोलू? वाट्याच्या अडीच एकराला एक साडी. एकराला वारभरसुद्धा पडली नसेल असं नका म्हणू, थोडी जास्तच पडली!

हसताय? हसा. पण बायांच्या बाजूनं कुणी हसलं नाही, हे बघितलंत का?

(तिकडून कुणीतरी म्हटलं, "बुवा, तुमच्या बहिणीनं केली का सही?")

केली, बाई. केली. दोन हजार चार साली. साडी निळी होती. जरा पाणी द्या इकडं... हं. पुढं ऐका.

आक्कानं ती साडी नेसली नाही. ट्रंकेत ठेवली, डांबराच्या गोळ्या घालून. लेक म्हणायची, "आई, नेस की गं, रंग छान हाय." आक्का म्हणायची, "प्रसंग येऊ दे." लेकीच्या मुलाचं बारसं झालं, नणंदेच्या मुलीचं लग्न झालं — प्रसंग आले आणि गेले. साडी ट्रंकेतच! माझाच एक मोडकातोडका अभंग आहे, म्हणा माझ्या मागून —

साडीची ती घडी । पेटीमध्ये राही ।
विचारिले नाही । कोणी तिला ॥

विठ्ठल, विठ्ठल!

अकरा वर्षं गेली. आता मंडळी, रस्त्याला लागून जमीन म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुणीतरी मोठा गोदामवाला आला. जगदाळ्यांची पाच एकर, विहिरीसकट, बांधावरच्या चिंचेसकट, केरबाच्या दहनाच्या जागेसकट — अकरा कोटीला गेली! अकरा कोटी! गावात दोन दिवस कुणी जेवलं नाही. ज्याच्या त्याच्या तोंडात तोच आकडा होता, घास कुठून जाणार?

द्वारकाआक्काला कुणी सांगितलं? अंगणवाडीत खिचडी खायला येणाऱ्या पोरीच्या आईनं. "आक्का, तुमच्या भावाची जमीन अकरा कोटीला गेली म्हणं!" आक्का म्हणाली, "बरं झालं." आणि डाळ निवडत बसली. बाई राग गिळायला शिकली होती. तीस वर्षं मानधनावर काम केलेल्या बाईला गिळायला सगळंच येतं!

आता जयसिंगरावांचा मुलगा — ऋतुराज. दुबईत नोकरीला. चांगलं पोर, इंजिनेर, बापाला रोज फोन करणार. तो म्हणाला, "आबा, किती दिवस भाड्यानं राहू? इथं एक घर बघितलंय. पुढं बाग, मागं पोहायचा हौद." जयसिंगराव रांजणखेडच्या विहिरीत पोहायला शिकलेले. ती विहीर विकली आणि आता वाळवंटात पोहायला घर घेणार! पण घ्यावं, काही हरकत नाही. पोराला घर घेणं पाप आहे का? अजिबात नाही! पोरानं बयाणाही भरला — एकतीस मार्चच्या आत उरलेली रक्कम पोचली पाहिजे, नाहीतर बयाणा बुडाला.

इथं अडचण आली. पैसा परदेशी पाठवायला नियम आहे. एका माणसानं एका वर्षात अडीच लाख डॉलर. बस्स. तुमच्याकडं अकरा कोटी असोत नाहीतर अकराशे कोटी — माणूस एक, तर डॉलर अडीच लाख! घर पडत होतं साडेसात लाख डॉलरला. जयसिंगराव एक, त्यांची बायको मालनवहिनी दोन. झाले पाच लाख. तिसरं माणूस हवं!

हिशेब तपासणारे साहेब शहरात बसतात. ते म्हणाले, "घरातलं आणखी कोण आहे? सख्खं?"

जयसिंगरावांनी डोकं खाजवलं. बाप नाही, आई नाही... आणि मग आठवली! अकरा वर्षांनी आठवली! "बहीण हाय की!"

मंडळी, बघा गंमत! जमिनीच्या वेळी बहिणीचं नाव नको होतं, सातबारावर घाण दिसत होती. डॉलरच्या वेळी तेच नाव सोन्याचं झालं! नाव तेच, बहीण तीच — बदललं काय? गरज!

साहेब म्हणाले, "मग असं करा. बहिणीला रक्कम बक्षीस द्या. रीतसर बक्षीसपत्र करा. भावानं बहिणीला दिलं तर कर नाही. मग ती स्वतःच्या खात्यातून पाठवेल. मात्र त्या घरात तिचंही नाव—"

"करतो, करतो!" म्हणाले जयसिंगराव आणि उठले. पुढचं ऐकलंच नाही. वैद्याचं कसं, औषध किती घ्यायचं ते ऐकायचं, पथ्य सांगायला लागला की चप्पल शोधायची! तसं झालं.

भाऊ सणाशिवाय दारात आला की बहिणीनं ओळखावं — हातात कागद आहे! मार्चचं ऊन, ना दिवाळी ना पंचमी, आणि जयसिंगराव सोनवडीत हजर. हातात पेढ्यांचा पुडा, काखेत फाईल.

"आक्का, कशी हायस गं?"

"बरी हाय. मालन बरी हाय का? आणि ऋतू?"

"ऋतूचंच काम काढलंय. तुझ्या खात्यावर पैसे टाकतो. अडीच कोटी."

आक्कानं चहाचा कप खाली ठेवला. "किती?"

"अगं दचकू नको! चार दिवस तुझ्या खात्यात राहतील. मग बँकेत जायचं, सही करायची, पैसे दुबईला. एक बारकी सही."

"बारकीच सही असती तुझी, जया," आक्का म्हणाली.

त्याला टोमणा लागला की नाही, देव जाणे. त्यानं पॅनकार्ड काढून दिलं, बक्षीसपत्र करून आणलं, अडीच कोटी तिच्या खात्यात टाकले, सगळं आठ दिवसांत! हक्कसोडाच्या वेळी नक्कल द्यायलासुद्धा ज्याला वेळ नव्हता, त्यानं बक्षीसपत्राची प्रत आणून तिच्या हातात दिली — "बँकेत लागंल, जपून ठेव." आक्का सातवी पास. तिनं चष्मा लावला आणि वाचलं. सगळं वाचलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा एका ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग कागद उचलून ट्रंकेत ठेवला — कशावर? डाळिंबी साडीवर!

काय होती ती ओळ? सांगतो, घाई कशाला? तुम्हाला काय, घरी जाऊन मालिका बघायचीय!

आक्काच्या मनात काय चाललं होतं? तिच्या मनात होतं — सही करू नये. आणि तिच्याच मनात होतं — काखेत वाढवलेलं पोर आहे. त्याच्या पोराचा बयाणा बुडेल. नाही म्हटलं तर भाऊबीज बंद. त्रेसष्टाव्या वर्षी माहेर बंद. मंडळी, बाईच्या जातीला ह्याच एका धाकावर हजार वर्षं नाचवलंय आपण. 'माहेर तुटंल हं!' ह्यापुढं बाई गप. त्या रात्री तिनं ठरवलं — करून टाकू सही. गेली तशी ही पण जाऊ दे.

अठ्ठावीस मार्च. जिल्ह्याच्या गावातली बँकेची मोठी शाखा. सकाळचे अकरा. जयसिंगराव, मालनवहिनी, द्वारकाआक्का. आक्काच्या हातात कापडी पिशवी. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, पिशवीत काय एवढं?" आक्का म्हणाली, "कागद." आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

टेबलापलीकडं फडतरे मॅडम. तरुण पोरगी, केसांना साधा चाप, टेबलावर पोळीभाजीचा डबा. आधी जयसिंगरावांचा अर्ज झाला. मग वहिनींचा झाला. मॅडम विचारतात, "पासपोर्ट?" दोघांनी काढून दिले, नवेकोरे. मग तिसरा अर्ज.

"मावशी, तुमचा पासपोर्ट?"

"माझा?" आक्का म्हणाली. "नाय बाई. मी कुठं जाणार?"

"जायचा प्रश्न नाही मावशी. घराच्या कागदावर नाव लागायचं तर तिकडं पासपोर्ट मागतात."

आक्कानं भावाकडं बघितलं. जयसिंगराव भिंतीवरचं व्याजदराचं कोष्टक वाचायला लागले! एवढ्या मन लावून त्यांनी शाळेतसुद्धा काही वाचलं नसेल.

"मॅडम," ते म्हणाले, "तिचं नाव नाही लागणार. ती नुसते पैसे पाठवणार. घर आमच्या मुलाचं, आमच्या दोघांचं आणि त्याचं."

"मग नाही जमणार, काका." मॅडम शांतपणे म्हणाल्या. "घरासाठी प्रत्येकाच्या नावानं पैसे पाठवायचे तर प्रत्येक जण घराचा मालक लागतो. मालकी नसेल तर त्यांचे अडीच लाख त्या घराला जोडता येत नाहीत. नियमच आहे."

"अहो, ती नाही म्हणत नाही ना! तुम्ही फक्त लिहा — स्वखुशीने. हवं तर मी लिहून देतो. स्वखुशीने, एकदम स्वखुशीने!"

तोच शब्द! अकरा वर्षांनी तोच शब्द, त्याच तोंडातून! पण मंडळी, टेबलापलीकडं आता पंख्याखालचा साहेब नव्हता. पोळीभाजीचा डबा आणलेली एक पोरगी होती. तिनं लेखणी खाली ठेवली. आणि म्हणाली —

"काका, तुम्ही नाही. त्यांना बोलू द्या. मावशी, तुम्ही सांगा. तुम्हाला हे पैसे पाठवायचे आहेत का?"

हरि, हरि!

आक्का बोलेनाच. मॅडम थांबल्या. मागं रांग होती, कुणीतरी "लवकर हो" म्हणालं. मॅडमनी हात वर करून त्याला गप केलं. आक्काच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालनवहिनी म्हणाल्या, "वन्सं, काय झालं?"

आक्का म्हणाली, "काय नाय गं. हिनं विचारलं मला."

बस्स! एवढंच! त्रेसष्ट वर्षांत बाईला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, तर बाईला रडू आलं! घर नको होतं तिला. दुबई नको होती. उंटावर थोडीच बसायचं होतं? कुणीतरी तिला विचारायला हवं होतं! एवढं स्वस्त होतं ते, आणि तेवढंही आपल्याच्यानं झालं नाही.

जयसिंगराव आता घाबरले. "आक्का, तमाशा करू नको. पोराचा बयाणा बुडंल. सही कर. पुढच्या महिन्यात तुझा पासपोर्ट काढू, नाव घालू."

"आणि मग तिकडचं हक्कसोड करायला लावशील," आक्का म्हणाली. "तिकडं कसली साडी मिळती रे, जया?"

रांगेतला एक जण फसकन हसला. जयसिंगरावांचा चेहरा डाळिंबी झाला!

"आक्का, नीट बोल. मी लहान भाऊ हाय तुझा. असं करशील तर माहेर तुटंल, सांगून ठेवतो!"

सुटला बाण! हजार वर्षांचा बाण! आणि आक्का काय म्हणाली असेल? ती अगदी सावकाश म्हणाली, खिचडी ढवळावी तसं —

"माहेर? कुठलं माहेर, जया? विहीर होती, ती बुजवली. चिंच होती, ती तोडली. दादांना, आपल्या बापाला, जाळलं तिथं परवा पत्र्याचं शेड उभं राहिलं. माहेर तर तू गोदामवाल्याला विकलंस. आता तोडायला राहिलंय काय?"

बोला! आहे उत्तर कुणाकडं?

मग तिनं पिशवीत हात घातला. आधी साडी काढली, ट्रंकेतून कागदासकट उचलून आणलेली. डाळिंबी, जरीकाठाची. अकरा वर्षांच्या घडीवर जर काळी पडलेली, दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली. ती भावापुढं ठेवली. मग बक्षीसपत्र काढलं, आणि चष्मा लावून वाचायला लागली. आता ऐका ती ओळ!

"'मी, जयसिंग केरबा जगदाळे, माझी सख्खी बहीण द्वारका हिस सदर रक्कम स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, प्रेमापोटी बक्षीस देत आहे. यापुढे सदर रकमेवर माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही.' — सही तुझी हाय ना, जया?"

मंडळी, ही चूक आपल्याकडंच होते! 'स्वखुशी' ह्या शब्दाला आपण इतके निर्ढावलोय की तो कागदावर आहे हेसुद्धा दिसत नाही. पत्रिकेवर 'श्री' असावा तसा तो शब्द! बहिणीच्या कागदावर तो खोटा होता, तरी तिला बांधून गेला. मग भावाच्या कागदावर तो बांधणार नाही का?

"आक्का," जयसिंगराव म्हणाले, "ते... ते नुसतं कागदापुरतं होतं."

"माझंही कागदापुरतंच होतं, जया. माझी अडीच एकर गेली."

"म्हणजे तू... सगळे ठेवणार? अडीच कोटी?" मालनवहिनी खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "वन्सं, हा विश्वासघात हाय!"

आता मी खरं सांगतो, ह्या ठिकाणी मी स्वतः अडखळतो. वहिनींचं म्हणणं अगदीच खोटं आहे का? पैसे पाठवायला दिले होते, ठेवायला नाही, हे आक्कालाही ठाऊक होतं. तिनं वहिनींकडं बघून मान हलवली. "मालन, तुला असं वाटणारच. म्हणून सांगते. दादांच्या मागं आम्ही दोघंच. अकरा कोटी आले. माझे निघतात साडेपाच. मी अडीच ठेवते. तीन सोडले."

जयसिंगराव बोटांवर मोजायला लागले.

"तीन कोटी सोडले, जया. आणि हे ऐक — हे मी स्वखुशीनं सोडते. मला कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. ह्याला म्हणतात स्वखुशी. ह्याची साडी नको आणू."

मग ती मॅडमकडं वळली. "पोरी, माझा अर्ज फाड. मला पैसे पाठवायचे नाहीत. नाय म्हणते मी." आणि मग म्हणाली, "परत एकदा विचार की गं."

मॅडमनी विचारलं. "मावशी, पाठवायचे आहेत?"

"नाय!" आक्का म्हणाली. आणि हसली! पहिल्यांदा!

दुबईचं काय झालं म्हणाल, तर घर झालं. ऋतुराजनं घर विकणाऱ्या त्याच माणसाकडून मागचा पोहायचा हौद नसलेलं, दोन खोल्या कमी असलेलं घर घेतलं. बयाणा त्यातच वळता झाला. पाच लाख डॉलरमध्ये भागलं. मरत नाही कुणी हौदावाचून! भाऊबीजेला जयसिंगराव सोनवडीला आले नाहीत. ऋतुराजनं मात्र दुबईहून फोन केला. "आत्या, आबा रागात आहेत. मला तुम्ही चुकलात असं वाटत नाही. पण बरोबर होतात असं म्हणायला मला अजून थोडा वेळ द्या." आक्का म्हणाली, "घे बाळा. मलाही अकरा वर्षं लागली."

त्यानंतरच्या वर्षी जयसिंगराव आले. हातात पुडा नाही, काखेत फाईल नाही. रिकाम्या हातानं पाटावर बसले. आक्कानं ओवाळलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "आक्का, पुढच्या वर्षी काय आणू? विचारतोय."

विचारतोय! हा शब्द ज्याला कळला, त्याचं कीर्तन संपलं. तो आत्ताच घरी जायला मोकळा आहे.

बाकीचे बसा! तुमचं अजून संपलेलं नाही. ह्या मंडपात साडेतीनशे पुरुष आहेत. त्यातल्या किती जणांच्या ट्रंकेत — तुमच्या नव्हे, बहिणीच्या ट्रंकेत — घडी न मोडलेली साडी आहे? हात वर करा म्हणणार नाही, लाजाल. पण उद्या सकाळी बहिणीच्या घरी जा. कागद नेऊ नका! पेढे नेऊ नका! नुसतं विचारा — 'ताई, तेव्हा तुला काय म्हणायचं होतं?' ती जे म्हणेल ते ऐकून घ्या. मीही जाणार आहे. निळ्या साडीकडं. भीती वाटते, पण जाणार आहे.

आणि पाटील, मघाची मान कुठं आहे? 'घेतलं' म्हणाला होतात, आता का नाही डोलत?

राहिला तू. पंख्याखालच्या खुर्चीतल्या साहेबा! तुझी बदली झाली असेल, बढती झाली असेल, कदाचित पेन्शनीतही निघाला असशील. कदाचित आज इथं, मागच्या रांगेत, उपरणं डोक्यावर घेऊन बसलाही असशील. पोळीभाजीचा डबा खाणाऱ्या एका पोरीला जे जमलं, ते तुला का जमलं नाही? तिनं लेखणी खाली ठेवली, मान वर केली, बाईकडं बघितलं. पाच मिनिटं लागली फक्त. तू हजारो बायकांची ती पाच मिनिटं खाल्लीस! कुणाच्या सांगण्यावरून? कुणाच्या धाकानं? की नुसता पंखा गार होता म्हणून?

टाळ थांबवा. पखवाज थांबवा. आरती होणार नाही. आधी उत्तर दे — तिला का विचारलं नाहीस?